सीताबाईचे दाणे

१

सीताबाईच्या कलेजीचे दाणे वर्ध्याच्या एका संशोधन केंद्रात उबदार कपाटात वाढत होते, आणि सीताबाई त्याच केंद्रात काचेची भांडी धूत होती. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसे, मग त्याचा हात नकळत स्वतःच्या पोटावर जाई. सीताबाईला दोन्हीचा राग येई. हसण्यासारखं काय होतं त्यात? आणि पोट धरण्यासारखं तरी काय होतं?

झालं असं होतं. तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते, म्हणून ऑपरेशन करावं लागलं. आदल्या दिवशी एका डॉक्टरीणबाईनं विचारलं, कलेजीचा नखाएवढा तुकडा अभ्यासाला ठेवून घेऊ का? सीताबाई म्हणाली, ठेवा की, मी काय लोणचं घालणार आहे त्याचं? सही केली आणि विसरली. पण टाके काढायला आली तेव्हा तिला आठवलं. माझ्या तुकड्याचं काय केलं ते दाखवा, असं तिनं खिडकीवरच्या माणसाला सांगितलं. असं आजवर कुणी मागितलंच नव्हतं. खिडकीवरच्यानं शिपायाकडं बोट केलं, शिपायानं जिन्याकडं. मग सीताबाईनं मधल्या चौकात उभं राहून तोंड उघडलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंतच होतं, पण तोंड पदवीधर होतं. गावात नळ आला तो त्या तोंडानं, आणि मुलगी पौर्णिमा पुलगावला हुंड्याशिवाय दिली तीही त्याच तोंडानं. तेव्हा वरच्या मजल्यावरून भावना मॅडम खाली उतरल्या, यात नवल काही नव्हतं.

मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकातून दाणे दाखवले. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल, पारदर्शक, आतून पोकळ. नुसत्या डोळ्यांना खसखशीएवढे. हे तुमच्या यकृताचं छोटं रूप आहे, मॅडम म्हणाल्या, औषध दिलं की मोठ्या यकृतासारखंच पचवतं. सीताबाईनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, बरं दिसून राह्यलं. मॅडमना गंमत वाटली. भांडी धुणारी बाई नुकतीच सोडून गेली होती. अशी सीताबाई कामाला लागली.

सकाळी आर्वीहून येणाऱ्या एसटीनं यायचं, पदर खोचायचा, हातमोजे चढवायचे. साबण, साधं पाणी, मग शुद्ध पाणी. दाण्यांच्या खोलीची फरशी पुसायची, कपाटाच्या काचेतून आत एक नजर टाकायची आणि बाहेर यायचं. दुपारी यंत्राच्या खोलीत अश्वजितला चहा द्यायचा. अश्वजित यंत्र चालवणारा, सेलूकडचा, लग्नाचा झालेला, बोलायला गोड. त्यानंच तिला समजावून सांगितलं होतं की इथं करतात काय. दाणे ठेचायचे, स्पिरिटासारख्या पाण्यात कालवायचे, फिरकीत फिरवायचे, वरचा निवळ रस घ्यायचा आणि तो एका बारीक नळीतून जोरानं ढकलायचा. नळीत भुकटी ठासून भरलेली. रसातला एकेक जिन्नस त्या भुकटीला कमी-जास्त चिकटतो. जत्रेच्या बोळातून माणसं बाहेर पडतात तसं ते. ज्याला काही घ्यायचं नाही तो सरळ निघतो, आणि जिला प्रत्येक बांगडीच्या दुकानापुढं थांबायचं असतं ती सगळ्यात शेवटी येते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पुढचं यंत्र तोलतं, आणि पडद्यावर एकेक डोंगर उठतो. कधी आला आणि किती वजनाचा आला, यावरून कोण आला ते ओळखायचं.

रोज सीताबाई चहा ठेवताना विचारायची, आज माही कलेजी कशी आहे? अश्वजित म्हणायचा, ठणठणीत.

त्या दिवशी त्यानं नुसता चहा घेतला आणि पडदा झाकेल असा आडवा उभा राहिला. पण सीताबाईला दिसायचं ते दिसलं. रोजच्या ओळखीच्या डोंगरांच्या अलीकडं, जिथं सपाट माळ असायचा तिथं, तीन नवे सुळके उभे होते.

२

भावना मॅडमनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. रागावू नका म्हणाल्या. ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते त्यात राग येण्यासारखंच काही असतं, हे सीताबाईला चांगलं ठाऊक होतं.

"मावशी, तुम्ही खर्रा खाता का?"

आमच्या भागात खर्रा म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटायचं आणि दिवसभर गालात दाबून बसायचं. कारकून खातो, मास्तर खातो, नवरदेव मांडवात खातो. पण सीताबाई? दर पौर्णिमेला विहारात नशा न करण्याचं पाचवं शील म्हणताना जिचा आवाज सगळ्यांच्या वर लागतो ती? गावात शाळेपुढं खर्र्याची टपरी होती, ती या बाईनं बाया जमवून रस्त्यावर आडवी केली होती. टपरीवाल्याच्या सासूनं तिला शाप दिला, तर तिनं त्या सासूलाही दोन शब्द सुनावले. उभ्या गावात तिच्या शब्दाला जी काही किंमत होती, ती तोंड स्वच्छ होतं म्हणून.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"यंत्रानं."

"मंग आणा त्याले माह्यापुढं."

मॅडम ओशाळल्या नाहीत. शांतपणे समजावत राहिल्या. तीन सुळक्यांतला एक सुपारीचा होता, दुसरा तंबाखूचा. तिसराही तंबाखूचाच, पण यकृतानं पचवून बदललेला. म्हणजे कुणाच्या तरी हातांतून, पदरातून खर्रा त्या थाळीत पडला आणि दाण्यांनी तो खाल्ला. महिनोन्‌महिन्यांचं काम वाया गेलं. कुणी मुद्दाम केलं असं त्या म्हणत नव्हत्या. पण चौकशी पूर्ण होईपर्यंत सीताबाईनं दाण्यांच्या खोलीत जायचं नाही, आणि पुन्हा असं दिसलं तर कामावरून कमी करावं लागेल.

सीताबाईला कामापेक्षा दुसरंच लागलं. माझीच कलेजी, आणि मलाच बंदी? बरं, कुणामुळं? तर खर्र्यामुळं. चोर म्हटलं असतं, कामचोर म्हटलं असतं, तर तिनं भांडून मिटवलं असतं. पण ही गोष्ट बाहेर गेली तर त्या टपरीवाल्याची सासू गावभर साखर वाटेल.

"म्या खाल्ला नाई," ती म्हणाली. "अन् हे तुमी सोताच्या तोंडानं कबूल करसान. लिहून ठेवा."

बाहेर आल्यावर तिनं एक मोठं चंचुपात्र इतकं खसखसून घासलं की ते हातात तडकलं.

३

आता दोष द्यायला घरात एक माणूस आयता होता. तिचा नवरा प्रेमदास घरं रंगवायची कामं करी आणि खर्रा खाई. लग्नापासूनचा तह असा होता की उंबऱ्याच्या आत खर्रा येणार नाही. प्रेमदासनं तो इमानानं पाळला होता. खायचा तो पडवीत बसून, चूळ भरून मगच आत यायचा. पण त्या संध्याकाळी सीताबाईनं त्याचे सगळे खिसे उलटे केले. पन्न्या निघाल्या, रबरं निघाली. तुमच्या अंगाचा भुसा माझ्या पदराला लागला, पदराचा माझ्या कलेजीला लागला, आणि नाव माझं गेलं, असं ती शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलली.

प्रेमदास म्हणाला, "अवं, कलेजी तं तुह्या पोटात आहे."

"ते वेगळी," सीताबाई म्हणाली. "हे नोकरीवाली."

तो हसला, आणि मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेल्या पन्न्या चुलीत टाकल्या. इतक्या वर्षांत तिच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं झालं. तो चिडचिडा झाला, बडीशेप चघळू लागला, ब्रश भलत्याच रंगात बुडवू लागला, पण खर्रा त्यानं सोडला.

सीताबाईनंही आपल्याकडून काही कसर ठेवली नाही. कामाची साडी वेगळ्या पेटीत ठेवली. केंद्रावर पोचली की कोपरापर्यंत हात धुवायची. दाण्यांच्या खोलीकडं तर ती पाठ करूनच जायची. आता सुळके खाली बसतील आणि मॅडम माफी मागतील, त्या माफीला काय उत्तर द्यायचं तेही तिनं एसटीत बसून ठरवून टाकलं होतं.

एके दिवशी अश्वजित तिला यंत्राच्या खोलीबाहेरच्या बोळात भेटला. त्यानं इकडं-तिकडं पाहिलं. सुळके वाढले होते, तो म्हणाला.

त्यानं सगळं तपासलं होतं. दाण्यांना देतात ते गुलाबी पाणी तपासलं, त्यात काही नाही. त्याच कपाटातले दुसऱ्या रोग्यांचे दाणे तपासले, तेही स्वच्छ. रिकाम्या थाळ्या स्वच्छ. फक्त तिच्या दाण्यांत होतं.

"पाण्यात नाई मावशी, दाण्यात आहे," तो म्हणाला. "अन् पचवलेला जास्त आहे, कच्चा कमी. एकदा पडलं असतं तं एकदाच पचलं असतं, दोन दिवसांत संपलं असतं. हे रोजचं आहे. हे खाणाऱ्याचं आहे."

"मंग त्याले देऊन कोण राह्यलं?"

अश्वजितनं मान खाली घातली. मॅडमचं म्हणणं त्यानं शेवटी सांगूनच टाकलं. मॅडमना वाटत होतं की सीताबाईच लपून आत जाते, आणि घरच्या बकरीला पाला टाकावा तसं आपल्या दाण्यांना काहीतरी टाकते. अशी माया असते काही बायांची.

सीताबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिच्या घरी बकरी होती हे खरं. पण बकरीलासुद्धा तिनं कधी तंबाखू टाकला नव्हता.

४

माणसाचं डोकं शाबूत असलं की ते कारण शोधतं, आणि सीताबाईचं डोकं शाबूत होतं. तिला वाटलं, यंत्र जुनं झालं असेल. किंवा अश्वजितच खात असेल आणि दुसऱ्यावर ढकलत असेल. तिनं त्याचे दात निरखून पाहिले. भाताच्या शितांसारखे पांढरे होते.

मग एका सकाळी चहा पिताना प्रेमदासनं कप खाली ठेवला आणि नाक वर केलं. खर्रा सोडलेल्या माणसाचं नाक कुत्र्यासारखं होतं. तो उठला, चुलीपाशी गेला, फडताळ हुंगलं, आणि शेवटी येऊन तिच्या तोंडापाशी थांबला.

"सीते," तो हळूच म्हणाला, "जराकसा मलेही दे न."

"काय देऊ?"

"काय म्हन्ते तं. माह्याकडून सोडवला अन् सोता खाऊन राह्यली. वास येते न तुह्या तोंडाले. मस्त ताजा घोटेल आहे."

तिनं हात उगारला. प्रेमदास मागं सरला नाही, हेच वाईट होतं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याला हवा होता. तो म्हणाला, झोपेत तू चावत असतेस. डावा गाल फुगतो, दाबला जातो, पुन्हा फुगतो. मला वाटलं, सपनातही मलाच शिव्या देऊन राह्यली.

तो कामावर गेल्यावर सीताबाईनं आरसा खिडकीत धरला. दात स्वच्छ होते. जीभ स्वच्छ होती. पण जिभेनं तिनं डावा गाल आतून चाचपला तेव्हा तो मऊ लागला नाही. शिळ्या भाकरीच्या कडेसारखा लागला. ओठ ताणून उजेडात पाहिलं, तर आतलं कातडं पांढुरकं पडून आवळलं होतं. टपरी पाडली त्या वर्षी गावात तपासणीचं शिबिर झालं होतं, त्यात डॉक्टरांनी असे गाल दाखवले होते. खर्रा खाणाऱ्याचं तोंड आतून आखडत जातं, मग उघडत नाही. ओळखायची रीत सोपी, तीन बोटं उभी धरून दातांत घालायची. सीताबाईनं तेव्हा गावातल्या भल्या-भल्यांना बोटं घालायला लावली होती आणि ज्यांची जात नव्हती त्यांना चारचौघांत झापलं होतं.

तिनं स्वतःची तीन बोटं जोडली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

सर्दीनं असेल. दाढ सुजली असेल. वयानं होतं असंही. तिनं राग एकवटून बोट रेटलं. बोटाची साल निघाली, रक्त आलं, बोट काही गेलं नाही. आणि त्या रक्ताच्या चवीखालून दुसरी एक चव वर आली, चुन्याची. जिभेला चरचरणारी, कडसर, आणि वर कहर म्हणजे गोडही लागणारी.

५

तिनं मॅडमना सगळ्यांच्या देखत सांगितलं, माझी थुंकी तपासा. तुमच्या नळीतून घाला, तोला, काय करायचं ते करा. यंत्र म्हणेल ते मी मान्य करीन, पण मग तुम्हीही करायचं. ती हे बोलली ते पहिल्यासारखं मोठ्यानं नाही. आवाज होता, पण बाहेर पडायला वाट अरुंद झाली होती. मॅडमनी नको म्हणून पाहिलं. सीताबाई दारातून हलली नाही. शेवटी अश्वजितनं एक छोटी कुपी आणली आणि ती त्यात थुंकली. झाडूवाल्या बाया, कारकून, शिपाई, सगळे पाहत होते. पाहू द्या. नाव बंद दाराआड गेलं होतं, पण परत सगळ्यांच्या देखत यायला हवं होतं.

यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर ती बसली. आतून पंपाचा आवाज येत होता. टुक, थांब, टुक, थांब. हा आवाज तिनं इतके दिवस ऐकला होता, पण नुसता बसून कधी ऐकला नव्हता. दाबतोय, सोडतोय. दाबतोय, सोडतोय. बाकावर शेजारी बसलेल्या झाडूवाल्या बाईनं तिच्याकडं वळून पाहिलं आणि विचारलं, काय खाऊन राह्यल्या मावशी? सीताबाईनं जबडा हातानं धरला. तो हलत होता. तो कधीपासून हलत होता ते तिला ठाऊक नव्हतं.

अश्वजित बाहेर आला तो तिची नजर चुकवत. तरी सीताबाई आत गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिच्या थुंकीचे सुळके एका ओळीत होते. अश्वजितनं बाजूला दाण्यांचे सुळके लावले होते. सुपारी तीच, तंबाखू तोच. उंचीचं एकमेकांशी प्रमाणसुद्धा तेच. एकाच पन्नीतला घास दोघींनी वाटून खाल्ला असावा तसं.

यापेक्षा मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सवय लागते, मावशी. लाज कशाची त्यात? सोडवायला आम्ही मदत करू."

सीताबाईच्या छातीत शिव्यांचा डोंब उसळला. एका दमात तिनं ही इमारत उलथून टाकली असती. पण जबडा पुरता उघडेना. आतल्या आत शब्द एकमेकांवर आदळले आणि बाहेर आलं ते फक्त एक घोगरं पुटपुटणं. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. वरमली बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. आयुष्यात तिला कुणी बिचारी म्हटलं नव्हतं.

तिनं बोट दाखवून, अडखळत, एकच मागणी केली. माझे दाणे मारून टाका. सगळे.

मॅडमनी मान हलवली. ते आता शक्य नव्हतं. खाता तुम्ही आणि उतरतं दाण्यांत, असं आजवर कुठं दिसलेलं नाही, ते नीट अभ्यासायला हवं. आणि तो तुकडा तुम्ही दिलेला आहे मावशी, सही आहे तुमची. तो आता तुमचा नाही. तुम्ही मात्र आठवडा संपला की कामावर येऊ नका. हे सगळं त्या इतक्या मवाळपणे बोलल्या की सीताबाईला त्यांची आवळावीशी मान दिसत होती आणि बाकी काही दिसत नव्हतं.

६

जेवणाच्या सुट्टीत वरचा मजला रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी त्या वेळी सीताबाईनं धुण्याच्या ओट्याखालून ब्लीचची बाटली घेतली. दाण्यांच्या खोलीला कुलूप नव्हतंच. नुसती ताकीद होती, आणि ती इतके दिवस कुलपासारखी पाळली होती ती तिनंच.

आत दुपारच्या उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता. पंखे घुमत होते. गोठ्यात हिवाळ्यात जनावरं बसलेली असताना येते तशी ऊब होती. तिनं कपाटाचं दार ओढलं आणि वास आला. पानठेल्यापाशी उभं राहिल्यासारखा. ओला, ताजा. तोंडात पाणी सुटलं आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं गुलाबी पाण्याच्या सगळ्या थाळ्या तिथंच फेकून दिल्या असत्या. पण दुसऱ्यांच्या कलेज्यांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. तिला तिचीच थाळी हवी होती. ती सापडायला वेळ लागला नाही. तिला शोधावीच लागली नाही, वास तिच्यातूनच येत होता.

थाळी तिनं ओट्यावर ठेवली. ब्लीचचं झाकण काढलं. ओतून मोकळं व्हायचं, एवढंच ठरलं होतं. पण नावानिशी बट्टा लावणाऱ्याचं तोंड एकदा पाहून घ्यायची तिची जुनी खोड. टपरी पाडली तेव्हाही तिनं आधी टपरीवाल्याला बाहेर बोलावलं होतं, मगच हात लावला होता. मॅडमनी पहिल्या दिवशी दाखवलं होतं तसं तिनं थाळी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला.

दाणे मोठे झाले होते. गोल राहिले नव्हते. सगळ्यांना एकाच बाजूला फुगवटा आला होता, डाव्या बाजूला. आणि तो फुगवटा दाबला जात होता, सुटत होता. दाबला जात होता, सुटत होता. सगळ्यांचा एकाच वेळी. विहारात बायका एका सुरात म्हणतात तसं.

पाणी हलत असेल, तिच्या डोक्यानं सांगितलं. ओटा थरथरत असेल, पंख्यामुळं.

तिनं ओट्यावरचा हात उचलला. ते थांबलं नाही. तिचा जबडा त्याच ठेक्यात चालला होता. तिनं तो दोन्ही तळव्यांनी वरखालून घट्ट दाबून धरला. दाणेही थबकले. क्षणभरच. मग त्यांनी सुरुवात केली, आणि तिच्या हातांना न जुमानता जबडा त्यांच्यामागं निघाला.

मधल्या दाण्यावर एक रेघ होती. तिनं चाक फिरवून ती स्पष्ट केली. रेघ नव्हती, फट होती. कड ओलसर, लालसर. ती उघडली. आतून तो दाणा पोकळच होता. ती उघडत गेली, तीन बोटं सहज जातील अशी, तिचं तोंड कधी काळी उघडायचं तशी.

सीताबाईनं डोळा काढला आणि बाटली उचलली.

तेवढ्यात दार लोटून अश्वजित आत आला. त्याच्या हाताला भाजीचं तेल तसंच होतं, जेवणावरून उठून धावत आला होता. तो चिडलेला होता आणि घाबरलेलाही.

"मावशी, हळू बोला न. खालच्या मजल्यावर ऐकू येऊन राह्यलं. मॅडम वर येऊन राह्यल्या." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "कोणाले इतक्या शिव्या देऊन राह्यल्या तुमी?"

सीताबाईनं मान हलवली. तिला त्याला सांगायचं होतं की मी आल्यापासून एक शब्द बोलले नाही. तिला बोलताच येत नव्हतं. सकाळपासून दातांत करंगळीही जात नव्हती. तिनं बोटानं स्वतःचे ओठ दाखवले, मग थाळी दाखवली. अश्वजितला काही समजलं नाही. तो पुढं आला, तिच्या हातातली बाटली त्यानं पाहिली, आणि ती घेण्यासाठी हात पुढं केला.

तिनं त्याला ढकललं आणि बाटली थाळीवर वाकडी केली.

"हात तं लावून पाह्य, सीते."

खडा आवाज. मधल्या चौकात उभं राहून अख्खी इमारत खाली आणणारा, विहारात सगळ्यांच्या वर लागणारा, टपरीवाल्याच्या सासूला गप्प करणारा. पूर्ण उघडलेल्या तोंडाचा. त्याच्यापुढं उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय होतं, हे सीताबाईला आजवर कळायचं कारण नव्हतं. बाटली तिच्या हातात तशीच वाकडी राहिली. काठाशी आलेला थेंब पडला नाही.

अश्वजित तिच्या तोंडाकडंच पाहत होता. जिन्यावर मॅडमच्या चपलांचा आवाज थांबला होता. थाळीतून तोच खडा आवाज पुन्हा आला, आता आणखी मोठा, एकामागून एक शिव्या, तिच्या माहेरच्या, तिच्या आजीच्या, जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलेल्या. अश्वजितची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही.

ओठ मिटलेले होते.